बारा खिडक्या

"वारा सुटलाय गं, खिडक्या लावून घे सगळ्या!"

चौतीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातून आलेली आईची ही हाक. आई जाऊनही आता नऊ वर्षं झाली होती. हाक मात्र जिथल्या तिथे होती. पहिली फ्लॉपी तिने यंत्राच्या तोंडाशी धरली आणि ती हाक पुन्हा कानाशी आली. तिचा अंगठा जरा थबकला. मग तिने फ्लॉपी आत ढकलली. खट्. यंत्र आधी कण्हलं, मग कुरकुरलं, आणि मग एका लयीत फिरायला लागलं.

जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या त्या संस्थेच्या तळघरात ती एकटीच बसायची. वर कागद होते, माणसं होती, खुर्च्या ओढल्याचे आवाज होते. खाली ही एवढीशी खोली, छताला लागून वीतभर झरोका, आणि त्यातून दिसणारी रस्त्यावरची पावलं. चेहरे नाहीत, नुसती पावलं. सोळा वर्षांत ती कितीतरी जणांना चपलांवरून ओळखायला लागली होती. त्यांना तिची ओळख असण्याचं कारण नव्हतं.

काम सांगायला सोपं. लोकांनी दिलेल्या जुन्या फ्लॉप्यांची इमेज करायची, म्हणजे हुबेहूब प्रत: आतल्या कणाकणाची, चुकांची, ओरखड्यांची, आणि एखादा व्हायरस दडून बसला असेल तर त्याचीही. संस्थेचा नियमच होता की वस्तू जशी आली तशी ठेवायची. वाचकांसाठी धुऊनपुसून वेगळी प्रत, पण मूळ इमेज रोगासकट कुलपात. प्रत्येक फ्लॉपीमागे एक फॉर्म, फॉर्मला आठ रकाने. पाचवा रकाना होता, 'खिडकी: उघडी की बंद'.

फ्लॉपीच्या कोपऱ्यात नखाएवढं भोक असतं आणि त्यावर सरकतं झाकण. त्यालाच खिडकी म्हणायचं. पण घराच्या खिडकीच्या अगदी उलट तिचा न्याय. ती उघडी असली की आत कोणालाही काही लिहिता येत नाही, चोर बाहेरच्या बाहेर. लावून घेतली की घर मोकळं.

पडद्यावर लाल ओळ उमटली. तिने रोगाचं नाव लिहून घेतलं, पाचव्या रकान्यात 'बंद' लिहिलं आणि दुसरी फ्लॉपी उचलली.

दुपारच्या सुट्टीत बाइंडरकाका खाली उतरले. वरच्या मजल्यावर फाटक्या पुस्तकांना शिवून उभं करणारे ते. बोटांना कायम खळीचा वास. दोन कप चहा घेऊन यायचे, अर्धा जिन्यात सांडायचे.

"काय डॉक्टरीणबाई, आज किती दगावले?"

"पाचातले पाच."

"एवढे? साथच म्हणायची की. आणि रोग?"

"एकच आहे. सगळ्यांना तोच."

"मेलाय ना पण तो? नाहीतर वर येऊन माझ्या पुस्तकांना लागायचा."

"मेला नाही, काका. झोपलाय. त्याला उठायला त्याच्या वेळचं यंत्र लागतं आणि त्याची ठरलेली तारीख लागते. ती आली की मग पुसत सुटतो."

"आणि तोवर?"

"तोवर नुसता गप्प. शेजारच्यालाही पत्ता लागू देत नाही."

"चौतीस वर्षं गप्प!" फॉर्मवरची तारीख पाहून काकांनी बोटांवर हिशोब केला. "चेष्टा नाही हो. मला चौतीस मिनिटं जमत नाही. आमची ही म्हणते, तुमच्या तोंडालाच टाके घाला आधी."

एरवी ती हसली असती. आज तिने कप उगाचच बशीवर नीट मधोमध ठेवला.

काकांची नजर टेबलावरच्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याकडे गेली. डब्याला बांधलेली दोरी शेजारी पडली होती, गाठीचा आकार तसाच धरून.

"कोणाच्या म्हणायच्या या? दुसरा रकाना कोराच दिसतोय."

"एका शिक्षकांच्या. वारले ते."

"मागे कोणी नाही?"

"आहेत. दोघं आहेत."

काकांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, आपला कप उचलला, तिचाही उचलला, आणि काही न विचारता वर गेले. बोलक्या माणसाला गप्प बसणं कधी कळतं ते सांगता येत नाही.

ते शिक्षक म्हणजे तिचे बाबा. शाळेला सुट्टी लागली की ते पिशवी घेऊन गावोगाव हिंडायचे आणि बायकांकडून अंगाया लिहून आणायचे. कोणी पाळण्याशी बसून म्हणायची, कोणी लाजून दाराआडून. संध्याकाळी बाबा चिठ्ठी वाचायचे, दादा घरातल्या कॉम्प्युटरवर टाइप करायचा, आणि ती मांडीवर उशी घेऊन ऐकता ऐकता झोपून जायची. टाइप झालेली चिठ्ठी पाणी तापवायच्या चुलीत जायची. घर दोन खोल्यांचं, कागद ठेवणार कुठे? तीन वर्षांत बारा फ्लॉप्या भरल्या. दादा तेव्हा सतरा वर्षांचा, ती नऊची.

मित्राकडून दादाने एक खेळ आणला आणि खेळाच्या पाठीवर बसून व्हायरस आला. हे त्याने लगेच कबूल केलं होतं. व्हायरसची ठरलेली तारीख उजाडली, त्या सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर पडदा कोरा. बाबांनी घाबऱ्याघाबऱ्या एक फ्लॉपी घातली, तीही कोरी झाली. मग दुसरी. मग तिसरी. हातातून निसटणारं धरायला जावं आणि ते हातानेच ढकललं जावं, तसं. अकरावी फ्लॉपीही गेली तेव्हा दादाने त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, थांबा. काहीतरी चुकतंय. खिडक्या मी उघड्या ठेवल्या होत्या. उघडी असली की आत काही लिहिताच येत नाही. बाराच्या बारा उघडल्या होत्या मी."

बाबांनी अकराही उलटून पाहिल्या. अकराही बंद.

"खेळ आणलास, ते पोरवय म्हणून सोडलं असतं," बाबा म्हणाले. "पण तोंडावर खोटं बोलतोस?"

मग थप्पड. बारावी त्यांनी यंत्रात घातलीच नाही. 'हीही तसलीच' म्हणत डब्यात टाकली आणि डब्याला दोरी बांधली.

ती दाराआड उभी होती. आदल्या संध्याकाळी वावटळ उठली, आईने हाक मारली, तेव्हा घराच्या चारही खिडक्या तिने धावत जाऊन लावल्या होत्या. मग टेबलावर पाहिलं, तर तिथेही इवल्या इवल्या खिडक्या सताड उघड्या. आत अंगाया होत्या. धूळ गेली असती. नखाने एकेक सरकवत तिने त्याही लावल्या, आणि सकाळी शाबासकी मिळणार म्हणून हसत झोपी गेली. खिडकीचा तो उलटा न्याय तिला पहिल्यांदा कळला तो दाराआड, थपडेच्या आवाजासोबत.

आज सांगू म्हणता उद्या आला. सहा महिन्यांनी दादा घर सोडून गेला. पुढे लिफ्ट दुरुस्त करायला शिकला. कॉम्प्युटरला त्याने पुन्हा हात लावला नाही. बाबा आणि तो समोरासमोर आले की अनोळखी माणसांसारखे हवापाण्याचं बोलायचे. बाबा गेल्या वर्षी गेले. दादा आला, एक दिवस राहिला, जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "जेवत जा वेळेवर, खारे." खारूताईसारखी भित्री, म्हणून खारू. ते नावही त्यानेच ठेवलेलं.

साडेपाचला अकरावी संपली. अकरा फॉर्म, पाचव्या रकान्यात अकरा वेळा 'बंद'. तिने बारावी उचलली आणि सवयीने दिव्यासमोर धरली.

कोपऱ्यातून उजेडाचा एक तांदळाएवढा ठिपका आरपार आला.

तिने नख लावून झाकण ढकलून पाहिलं. हलेना. आणि नखाखालच्या त्या कळेसरशी सगळं आठवलं. ही त्या संध्याकाळीही हलली नव्हती. बोट दुखलं म्हणून तिने नाद सोडला होता. चौतीस वर्षं दादाचा एकुलता एक साक्षीदार त्या डब्यात पडून होता आणि दोरी सोडायला कोणी आलं नव्हतं.

यंत्र फिरलं. लाल ओळ आली नाही. पडद्यावर एकेक नाव उतरत गेलं: एक्केचाळीस अंगाया, धडधाकट. तिने शेवटची उघडली.

नीज गं सानुली, दिवा ठेविला उशाला,
खिडकी राहू दे उघडी, चांदणं येईल कुशीला.
नीज गं सानुली, वारा झोपला रानात,
वाट चुकलेला भाऊ येईल पहाटे दारात.

खाली बारीक अक्षरांत: सांगणारी: आई. लिहून घेणारे: बाबा. टंकलेखन: थोरला. आणि त्याखाली, बाबांच्या नकळत घातलेली एक ओळ: ऐकणारी: धाकटी, निम्म्यातच घोरायला लागली.

तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग पाचव्या रकान्यात 'उघडी' लिहिलं. आठवा रकाना शेऱ्याचा. पेन कागदाला टेकलं आणि तिथे शाईचा ठिपका तेवढा वाढत गेला. तिने पेन ठेवलं आणि फोन उचलला.

"बोल खारे!" दादाचा आवाज घुमत आला. "लिफ्टच्या खड्ड्यात आहे. वरून एक आजोबा दर दोन मिनिटांनी विचारतायत, झालं का. सातव्या मजल्यावर राहतात आणि गुडघे तळमजल्याचे."

"दादा, बाबांचा तो डबा मी इथे आणला. फ्लॉप्यांचा."

पाना सिमेंटवर ठेवल्याचा आवाज आला.

"अजून होता तो?"

"होता. अकरा गेल्या. बारावी चांगली आहे. एक्केचाळीस अंगाया आहेत, तू टाइप केलेल्या."

"बारावी." तो पुटपुटला. "तिची खिडकी भलती घट्ट होती. उघडताना माझं नख तुटलं होतं."

"उघडीच आहे ती. अजून."

"मग तेवढी एकच उघडली असणार मी." तो हसला, पण हसू खड्ड्यातच राहिलं. "किती वर्षं मनातल्या मनात शपथा घेत होतो, बाराच्या बारा उघडल्या म्हणून. मग वाटायला लागलं, बाबांनी तर डोळ्यांनी पाहिलं होतं. माझ्याच हातून राहिलं असणार. उगाच त्यांच्यावर रुसून बसलो जन्मभर. आता लिफ्ट सोडताना एकेक नट तीनतीनदा तपासतो. हाताखालचे हसतात मला."

"झालं का हो?" वरून कोणीतरी विचारलं.

"झालंच, आजोबा!" मग हळू आवाजात, "खारे? आहेस ना? आणखी काही सांगायचं होतं का?"

झरोक्यातून पावलं जात होती, कामं आटोपलेली, घराकडची. तिने बारावी फ्लॉपी तळहातावर घेतली. तो उजेडाचा ठिपका तिच्या बोटांवर पडला.

"दादा, तू बाराच्या बारा उघड्या ठेवल्या होत्यास," ती म्हणाली. "वारा सुटला होता. आईने खिडक्या लावायला सांगितलं, म्हणून मी लावल्या. ही एकच माझ्याच्याने लागली नाही."