सेनापतीचं कारण

दांडी या मच्छीमार गावच्या नाट्यमंडळाचा एक हट्ट आहे. दोन-चार मुडदे पडल्याशिवाय गावाला नाटक बघितल्यासारखं वाटत नाही. यंदा जत्रेसाठी एक जुनं राजेशाही नाटक निवडलं होतं. त्यात राजा रणात पडतो, त्याचा सेनापती विधवा राणीशी लग्न करतो आणि शेवटच्या अंकात दोघंही विष पिऊन मोकळे होतात. बसवत होते नागोराव, नांदेडकडचे. बोईसरच्या कारखान्यातून सुटले की थेट देवळाच्या सभागृहात हजर.

राणी मोनाली आणि सेनापती विनोद. भूमिका वाटताना कुणाला काही खटकलं नाही, याचंच नवल. मोनालीचा नवरा विपुल दोन वर्षांपूर्वी समुद्रात बुडाला, तेव्हा होडीवर त्याच्यासोबत एकटा विनोद होता. आता त्याच विनोदशी मोनालीचं लग्न ठरलं होतं. ठरवलं होतं साखरबाईनं, विपुलच्या आईनं.

पोरीनं नशीब काढलं, असं गाव म्हणायचं. मोनालीला मात्र विनोद हवा होता तो एका हाकेपायी. बुडताना विपुलनं तुझं नाव घेऊन हाक मारली, असं त्यानं तिला सांगितलं होतं. ती हाक ऐकलेला जगात हा एकच माणूस. तो जवळ बसला की हाकही जवळ आल्यासारखी वाटायची. संसाराला एवढं पुरतं का, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नाही. जाळी वाळत घातलेल्या वाटेवर मागून कुणीही हाक मारली की तिचा पाय थबकायचा. अंगावर काटा यायचा आणि बरंही वाटायचं.

त्या संध्याकाळी नागोरावांनी तालीम मध्येच थांबवली. "विनोदराव, ही पोपटपंची झाली. सेनापती राणीशी लग्न का करतो? प्रेमापोटी? गादीसाठी? तुम्हालाच ठाऊक नसेल तर लोकांना काय कळणार?"

विनोदनं लाकडी तलवार खाली ठेवली. "राजा हाक मारीत होता. यानं वलून नाय बघितलं," तो म्हणाला. "म्हनून."

"असं नाटकात कुठं आहे?" नागोरावांनी चष्मा पुसला.

मोनालीनं विनोदला दंडाला धरून बाहेर वाळूत नेलं. "कोनाला हाक मारली त्यानं?"

"मला. विन्या, दोर टाक, बोलला. जालं भरून वर येत होतं, आमी दोघंच, आनि तो पान्यात पडला. मी हात सोडला असता तर जालं गेलं असतं. वाटलं, विप्या हाय, पवून येल. आपल्यातला कोन बुडतो काय? आदी जालं घेतलं. मग बघतो तर नुसतं पानी."

जाळं वर येताना हात सोडायचा नाही, हे दांडीच्या पोराच्या हाडीमासी खिळलेलं असतं. मोनालीला ते कळत होतं, म्हणून तर तिला धड ओरडताही येईना.

"आनि माजं नाव?"

"नाय घेतलं. तू किनाऱ्यावर येड्यासारखी उभी होतीस. मी बोलून गेलो." तो रडायला लागला. "लगीन मोडायचं काय?"

"मोडायचं. तुज्याजवल आता माजं काय हाय?"

घरी साखरबाई भाकऱ्या थापत होती. लग्न होणार नाही, एवढं मोनालीनं सांगून टाकलं. म्हातारी पिठाच्या हातानं तशीच उठली. "का गो? इपुलचं काय बोलला काय तो?"

खरं अगदी जिभेवर आलं होतं. पण साखरबाईचे डोळे तिच्या ओठांवर खिळलेले होते. मुलगा गेल्यापासून या बाईनं टिपूस काढलं नव्हतं.

"बोलला," मोनाली म्हणाली. "शेवटची हाक माजी नव्हती. तुजी होती, आये."

साखरबाई चुलीपाशी मटकन बसली आणि दोन वर्षांचं सगळं एकदम रडली. तव्यावरची भाकरी करपून गेली तरी कुणी उलटली नाही. मग तिनं मोनालीचा हात घट्ट धरला.

"परत सांग. कशी मारली हाक?"

मोनाली सांगत बसली.