आठचा आकडा

आमचे हे नदीवरचे मोजणीदार. पुलाच्या खांबावर आकड्यांची पट्टी रंगवलेली आहे. पाणी चढू लागलं की ती दर तासाला वाचायची, घरी येऊन ऑफिसला फोन करायचा. एवढंच काम, पण ऐट अशी, जणू नदी यांना विचारूनच वाहते. वर दोन ओढे मिळतात, आमच्या वळणावर पाणी फुगतं, मग खाली कपडे धुणाऱ्यांचे दगड, होडीचा धक्का, शहराचे पंप. आमच्या आकड्यावर होडी सुटते नाहीतर थांबते.

दोन वर्षांपासून यांना पट्टी दिसेनाशी झाली होती. ऑफिसला कळलं तर नोकरी जाणार, आणि नोकरीशिवाय हा माणूस करणार काय, डोंबल? मग मी घाटाच्या वरच्या पायरीवरून वाचायचे, फोनपाशी कुजबुजायचे आणि हे रुबाबात सांगायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या सकाळी पाणी चढत होतं आणि आमचं वाजलं. कारण काय, तर चहात साखर जास्त. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या डोळ्यांवर पगार खाता आणि वर मलाच शिकवता?"

हे तसेच उठले. वही घेऊन एकटेच गेले. मीही हट्टाला पेटलेली, उठले नाही. सातचा आकडा यांनी माझ्याकडे पाठ करून फोनवर सांगितला. कसा वाचला असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अहो, पार पाण्यापर्यंत उतरल्याशिवाय यांना तो दिसणार कसा?

आठला पुन्हा गेले, ते आलेच नाहीत. मी पळत गेले. पायऱ्या बुडत होत्या, त्यांवर कोणी नव्हतं. घसा फाटेपर्यंत हाका मारल्या. घरात फोन वाजत होता. मदतीला बोलवावं म्हणून धावत येऊन उचलला.

"काकू, होडी भरलीय. आठचा आकडा?" कारकून म्हणाला.

"हे नाहीत."

"मग तुम्हीच सांगा की. रोज मागून तुमचाच आवाज येतो, मग काका बोलतात. सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे. कोण काय म्हणतंय त्यांना?"

हाका मारताना पट्टीवर नजर गेलीच होती. मेली सवय.

"पाच मीटर चाळीस," मी म्हटलं. "होडी सोडू नका. धक्क्यावर माणसं उभी करा. हे पाण्यात गेलेत."

दुपारी होडीवाल्याने यांचा देह काठाला आणला. तोवरचे सगळे आकडे मी सांगितले.