लिफ्टच्या घंटेवर झालेली प्रार्थना

चौथा मजला यायच्या आधीच लिफ्ट किंचित खचली. एवढंसंच. पण मी लगेच सावध झाले, कारण अशा वेळी हाक मारतात ती मला. मी या लिफ्टच्या टपावरची धोक्याची घंटा. त्या दिवसाआधी अकरा वर्षांत तीनदाच वाजले होते आणि तिन्ही वेळा सगळ्यांत आधी मीच दचकले.

आम्ही दोघी बहिणी एकाच खोक्यातून आलो. जिला मला थोरली म्हणावं लागतं ती माझ्याआधी दोन मिनिटं बाहेर निघाली, म्हणून तिला चौथ्या मजल्यावर क्रूसाशेजारी जागा मिळाली. रोज दुपारी बाराला ती वाजते आणि सगळं कॉलेज प्रार्थनेसाठी जागच्या जागी उभं राहून माना खाली घालतं. दर शनिवारी तिला मऊ फडक्याने पुसतात. माझ्या वाट्याला अंधार, ग्रीसचा वास आणि एक कोळी. तोही फारसा बोलत नाही.

कॉलेज तरी केवढं? एवढ्या मोठ्या शहरातल्या एका इमारतीचे वरचे तीन मजले. तळाला बँक, दुसऱ्यावर दातांचा दवाखाना, वर तत्त्वज्ञान. गाल धरून आलेले पेशंट कधीकधी चुकून आमच्याकडे उतरतात आणि मुलींचे चेहरे पाहून योग्य जागी आल्यासारखे निमूट बसतात. माहितीपत्रकात छापलंय की इथे प्रत्येकीला नावाने ओळखतात. खरंच आहे. नावंही ठेवतात.

त्या दिवशी आत शेवटच्या वर्षाची एक मुलगी होती. मैत्रिणी तिला ससुली म्हणतात, त्यावरून काय ते समजा. पावणेबाराला पाचव्या मजल्यावर तिची तोंडी परीक्षा. विषय : शेजाऱ्याबद्दलचं कर्तव्य. परीक्षा घेणार होत्या घड्याळवाल्या सिस्टर. ठरलेलं मिनिट उलटलं की त्यांचं दार बंद आणि मुलीचं वर्ष वाया.

वर्ष वाया गेलं तर तिचं शिक्षणच संपणार होतं. वडिलांशी फोनवर बोलत ती लिफ्टमध्ये शिरली होती.

"हे शिकून तू होणार काय?"

"माणूस, बाबा."

"मग आम्ही इतकी वर्षं काय वाढवलं? या खेपेला राहिलीस तर सामान उचल आणि घरी ये."

दार लागलं, रेंज गेली, आणि अकरा पस्तीसला लिफ्ट अडकली. तिने आधी माझ्या बटणाला सॉरी म्हटलं, मग ते दाबलं. मी जीव तोडून ओरडले.

लिफ्टच्या पोकळीतून वरचं सगळं ऐकू येतं. पावलं थांबली. खुर्च्या सरकल्या. मला वाटलं, आले धावून. तेवढ्यात शंभर जणींनी एकसुरात प्रार्थना सुरू केली.

आवाज थोरलीचाच ना माझाही! घंटा झाली की मान खाली. मग घड्याळाकडे बघतो कोण? मी दुसऱ्यांदा वाजले, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरली. तिसऱ्यांदा वाजले, तर आज काहीतरी विशेष दिवस असणार, असं एका प्राध्यापकांनी वर्गाला हळूच सांगितलं. पोरगी जितकी घाबरून दाबत होती, तितकी वर भक्ती वाढत होती. खालच्या दवाखान्याने कॉलेजचं नेहमीचंच म्हणून खिडकी लावून घेतली.

"मी आहे इथे," ती दाराला म्हणाली, इतक्या हळू की मलाही जेमतेम ऐकू आलं. सभ्यपणा हा इथला सक्तीचा विषय आहे.

तुम्हाला एकच विनंती. घंटा ऐकून मान खाली घालणार असाल तर घाला, पण आधी एकदा इकडेतिकडे बघून घ्या.

अकरा चव्वेचाळीसला जिन्यावरून कडक टाचा उतरू लागल्या. बोटाने दारावर टकटक झाली.

"आत कोण आहे? बाराला अजून सोळा मिनिटं आहेत."

"सिस्टर, मी... माझी परीक्षा..." पुढे नुसतं रडणं.

बाहेर टाचा वळल्या. मग सिस्टर कुणावर तरी कडाडल्या, "माना वर करा आणि लिफ्टवाल्याला फोन लावा." पाठोपाठ खुर्ची फरफटत दारापाशी आली.

"पावणेबारा. वेळेवर आली आहेस," सिस्टर म्हणाल्या. "डोळे पूस. पहिला प्रश्न."

तिने माझ्या बटणावरचं बोट काढलं.