कंपायलरचा पत्ता

मित्रांनो, मी परळच्या एका चाळीत माळ्यावर राहणारा जुना संगणक आहे. माझ्या पडद्यावर रंगीत चित्रं कधी दिसली नाहीत. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं उमटत, एवढंच. पण त्या अक्षरांवर एका घराची आशा टांगलेली मी पाहिली आहे.

माझी पहिली वर्षं वडाळ्याला, वजनकाटे बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत गेली. तिथे कमल नावाची मुलगी इलेक्ट्रॉनिक काट्यांचे प्रोग्रॅम लिहायच्या कामाला होती. नवे संगणक आले तेव्हा मला भंगारात काढायचं ठरलं. कमलने साहेबांकडे मला मागून घेतलं आणि टॅक्सीत मांडीवर माझा पडदा सांभाळत घरी आणलं.

घरी तिचे बाबा धर्मा आणि आई सखुबाई. बाबा लालबागच्या गिरणीत साच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर, कापड विणत. संप झाला तेव्हा कमल शाळेत होती. संप लांबला, मग विरला, आणि गिरणीचं दार त्यांच्यासाठी पुन्हा उघडलंच नाही. साच्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान केव्हाच गेले होते. पण गिरणीत सगळेच हातवारे करून बोलत, त्यामुळे ते कुणाला जाणवलं नाही. बाहेर पडल्यावर जाणवलं.

शिवडीच्या एका गोदामावर ते वॉचमन म्हणून लागले. लॉरीवाले फाटकाबाहेर हॉर्न वाजवून थकत आणि बाबा पाठ करून शांत उभे असत. कानात घालायचं यंत्र आणलं, पण त्यातून नुसती खरखर ऐकू यायची. शेवटी मुकादम म्हणाला, “दिवाळीपर्यंत बघतो. मग दुसरा माणूस ठेवावा लागेल.”

कमलने मनाशी ठरवलं. पट्ट्याला अडकवायची एक डबी करायची. तिच्यात आवाज टिपणारा माइक, एक छोटी चिप आणि पेजरमधली थरथरणारी मोटर. आवाज आला की डबी कमरेशी थरथरेल.

आता माझं काम ऐका. कमल प्रोग्रॅम लिहायची तो माणसाला समजेल अशा भाषेत. तो चिपच्या भाषेत उतरवतो कंपायलर. तो माझ्याच डिस्कच्या एका कप्प्यात होता. पण आम्हा संगणकांची एक खोड असते. स्वतःच्या पोटातली वस्तूसुद्धा कुठे आहे, ते कुणी सांगितल्याशिवाय आम्हाला सापडत नाही. म्हणून मी सुरू होताना जी फाइल वाचतो, तिच्यात कमलने पत्ते लिहून ठेवले होते. कंपायलर या कप्प्यात, त्याला लागणाऱ्या फाइली त्या कप्प्यात. यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. नाव जड, काम साधं.

चिपकडून एका छोट्या दिव्याची उघडझाप करवून पाहण्यापर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस कमलचा मामेभाऊ उत्तम वरळीच्या बीडीडी चाळीतून आला. त्याला मंडळाची कार्यक्रमपत्रिका छापायची होती. त्याने माझ्यात मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम टाकला. त्या प्रोग्रॅमने स्वतःचं बस्तान बसवताना कमलने लिहिलेले पत्ते पुसले आणि तिथे आपला पत्ता लिहिला.

संध्याकाळी कमलने कंपायलरला हाक दिली. मी उत्तर दिलं, असा प्रोग्रॅम सापडत नाही. तिने पुन्हा हाक दिली. मी पुन्हा तेच म्हणालो. तिचा चेहरा उतरला. कंपायलरच्या मूळ फ्लॉपीला पावसाळ्यात बुरशी लागली होती. कंपायलर पुसला गेला असेल, तर दुसरा आणायचा कुठून?

“ताई, आईशप्पथ, मी फक्त टायपिंगचं टाकलं,” उत्तम कळवळून म्हणाला. “तुझ्या कशालाच हात लावला नाही गं!”

सखुबाई चहा घेऊन आल्या. “गो, बिघाडलो काय तुझो डबो? भंगारवाल्याक देऊन टाक बघू.”

मित्रांनो, मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की कंपायलर इथेच आहे, माझ्या पोटात आहे. पण विचारल्याशिवाय बोलायची आम्हाला सोय नाही.

कमलने चहा बाजूला ठेवला. मग तिने ‘सेट’ एवढाच शब्द लिहिला. त्यासरशी मला ठाऊक असलेले सगळे पत्ते मी तिच्यापुढे मांडले.

“अरे उत्तम, हे बघ!” ती म्हणाली. “कंपायलर गेला नसेल. याला त्याचा पत्ताच राहिला नाही. फक्त तुझ्या टायपिंगचा आहे.”

“मग माझा काढून टाक.”

“काढायचा कशाला? दोघांचे राहतील. मध्ये एक अर्धविराम दिला की झालं.”

तिने पत्ते पुन्हा लिहिले आणि मला बंद करून सुरू केलं. कंपायलर चालला! मला इतका आनंद झाला, की माझा पंखा जरा जास्तच घरघरला असावा.

कंपनीतल्या यंत्रावर तिने तो प्रोग्रॅम चिपमध्ये भरून आणला. रविवारी सकाळी बाबांच्या पट्ट्याला डबी लावली. बाबा गॅलरीत गेले आणि डबी जी थरथरू लागली, ती थांबेचना. नळावरच्या कळश्या, शेजारचा रेडिओ, जिन्यावरची पोरं, सगळ्याला ती थरथरत होती. कमल ओशाळली. हॉर्न आणि गोंगाट यांतला फरक तिला चिपला अजून शिकवायचा होता.

ती डबी काढायला गेली, तर बाबांनी तिचा हात धरला.

“ऱ्हवांदे गो,” ते म्हणाले. “एवढो आवाज हा आपल्या चाळीत? माका वाटलेला, संपापासून चाळच गप झाली.”

सखुबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

पुढे कमलने प्रोग्रॅम सुधारला. सलग वाजणारा हॉर्न तेवढाच डबीने ओळखावा, असं केलं. दिवाळीआधी मुकादमाने स्वतः फाटकावर लॉरी आणून हॉर्न वाजवला. बाबा पाठमोरे होते. ते वळले आणि त्यांनी फाटक उघडलं. त्यांची नोकरी टिकली. मग साच्यांवरचे त्यांचे जुने सोबतीही एकेक करून डबी मागायला आले आणि त्या सगळ्या डब्यांचं काम माझ्यावरच झालं.

आता बाबा नाहीत. माझ्यावर गोणपाट टाकलेलं आहे आणि डिस्कही कुरकुरते. माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे. एखादं यंत्र अडून बसलं, तर ते फेकण्याआधी बघा, आपलंच त्याला काही सांगायचं राहून गेलं आहे का. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकू येत नसेल, तर लांबून ओरडू नका. उठा, त्याच्यासमोर जाऊन बसा, आणि मग बोला.