बाहीवरून मोजलेला दाब

बायको गेल्यापासून शिंप्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कात्री हातात घ्यायचा आणि कापड सोडून लेकीच्या तोंडाकडे बघत बसायचा. बायकोला रक्तदाब होता, सासूलाही होता. दोघी डोक्यात रक्तस्राव होऊन गेल्या. आता लेकीची पाळी, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

त्याने दाब मोजायचं यंत्र आणलं. लेक काजं करायला बसली की हा पट्टा घेऊन हजर.

"बाबा, सकाळीच मोजलं ना?"

"सकाळी जास्त होता."

"होणारच. यमदूतासारखे डोक्यावर उभे राहता."

"बोलू नकोस. डोकं दुखतंय का? खरं सांग. चक्कर?"

आकडा वर चढायचा आणि शिंपी पुन्हा पट्टा गुंडाळायचा. भाजीतलं मीठ गेलं, लेकीचं हसणंही गेलं. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "चला दवाखान्यात. एकदाचा सोक्षमोक्ष लावू."

नर्स म्हणाली, "काका, घरी कसं मोजता ते दाखवा."

शिंप्याने लेकीच्या जाड स्वेटरच्या बाहीवरून पट्टा गुंडाळला.

"अहो, बाहीवरून?"

"माप कपड्यावरूनच घेतात. उघड्या अंगाचं कोण घेतं?"

नर्सला हसू आवरेना. तिने लेकीला स्वेटर काढायला लावला, टेकून निवांत बसवलं आणि शिंप्याला तोंड मिटायला सांगितलं. दाब व्यवस्थित निघाला. शिंप्याला पटेना, म्हणून पुन्हा मोजला. तेवढाच.

"आज ठीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आई-आजीला होता, म्हणजे हिला व्हायचा संभव जास्त. वय वाढेल तसा आणखी. होईलच असं नाही. अधूनमधून तपासत राहा."

"आईचं रक्त आहे हो तिच्यात. ते कसं बदलायचं?"

"आणि तुमचं नाही? तुमच्या वडिलांना काय झालं होतं?"

"त्यांना कुठे काय? मशीनवर बसले होते, बसल्या जागी गेले."

लेक त्याच्याकडे बघत होती.

"माझं राहू द्या. मी धडधाकट आहे," तो पुटपुटला. तोवर लेकीने त्याच्या शर्टाची बाही वर सरकवली होती.

नर्सने एका हातावर मोजलं, थांबून दुसऱ्या हातावर मोजलं. आता ती हसत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला आणि गोळ्या लिहून दिल्या. आजपासूनच घ्यायच्या, म्हणाल्या.

रस्त्यावर आल्यावर शिंपी दुकानाच्या दिशेने झपाझप निघाला.

"बाबा, औषधाचं दुकान मागे राहिलं."

"उद्या घेऊ. केवढं शिवायचं पडलंय."

"आईसुद्धा असंच म्हणायची," लेक म्हणाली. ती जागची हलली नाही.

शिंपी थांबला. मग मागे वळला आणि औषधाच्या दुकानासमोरच्या रांगेत जाऊन उभा राहिला.