उलटी गोगलगाय

आमच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकात गोगलगाय उलटी आहे. मूळ पुस्तक फ्रेंच. ते अरबीत आणताना कैरोच्या छापखान्यातल्या कुणा शहाण्याने सगळी चित्रं फिरवली. आपण उजवीकडून डावीकडे वाचतो, तर प्राण्यांनीही तिकडेच तोंड करून चालावं! माशाचं, बेडकाचं काही बिघडलं नाही. पण टोक वर धरलं की गोगलगाईच्या शंखाचं तोंड उजवीकडे असतं, ते डावीकडे गेलं.

मी हे कुणाला सांगितलं नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येकीसमोर बशीत एक शंख ठेवते आणि 'दिसतं ते काढा' म्हणते. जिच्या कागदावर तोंड डावीकडे, तिने शंख बघितलेलाच नाही, पुस्तकातलं चित्र घोकलंय. सरळ शून्य. एरवी या अलेक्झांड्रियाच्या पोरी मला बाजारात विकून येतील.

यंदा नेमातच्या कागदावर तोंड डावीकडे आलं. खाली मान घालून बसणारी, कधी काही न विचारणारी मुलगी. गोगलगाय अन् पोटात पाय, असं मनात म्हणत मी लाल शाईने शून्य काढलं.

"अब्ला, हे काय?" इथे बाईंना अब्ला म्हणतात. तिने कागद माझ्यापुढे धरला. "मी नापास होईन. बाबा म्हणालेत, नापास झालीस तर शाळा बंद, दुकानात इस्त्री धर."

"मग नक्कल करताना इस्त्री आठवली नाही?"

"देवाशपथ, बघून काढलंय!"

"चोराच्या उलट्या बोंबा! आण ती बशी. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

तिने बशी आणली. मी शंखाचं टोक वर करून धरलं. तोंड डावीकडे. पुन्हा धरलं, तरी डावीकडेच. हजारोंत एखादा असा निपजतो हे मी कॉलेजात शिकले होते. पाहिला मात्र कधी नव्हता.

"हा घरून आणलास ना?" माझा संशय काही सुटेना.

"घरून? सकाळी तुम्हीच ठेवलात की. नंबर बघा."

शंखावर तिच्या बाकाचा नंबर होता, माझ्याच अक्षरात. तो टाकताना मी शंखाकडे बघितलंही नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शून्य खोडून मी पूर्ण गुण दिले.

नेमात तरी जाईना. ती शेजारच्या बशा निरखत होती.

"अब्ला, बाकीचे सगळे उजवे आहेत. म्हणजे पुस्तकातलं चित्र चूक. तुम्हाला ठाऊक होतं?"

वर्षभरात तिने मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न. मी लाल शाईच्या दौतीला झाकण लावत बसले.