मागच्या खोलीतला दिवा

तिने रक्ताच्या नळीवर चिठ्ठी चिकटवली, चिठ्ठीवरचं नाव कागदाशी ताडून पाहिलं आणि हातमोजा काढून पुन्हा फोन उघडला. विजेच्या वापराची रेघ अजून सपाटच होती. परवा दुपारपासून त्या घरात कुणी एक दिवासुद्धा लावला नव्हता.

फ्रीजचीही खूण नव्हती. घरातलं माणूस झोपलं तरी फ्रीज आपला अधूनमधून घुर्र करून फोनवरच्या आलेखात एक बारकी टेकडी काढून ठेवतो. ती टेकडीही गायब. पाहुणे एकटे होते, सत्तरीच्या पुढचे, चार दिवसांसाठी घर भाड्याने घेतलेले. तिने दुपारच्या सुट्टीत त्यांना दोनदा फोन लावला होता. दोन्ही वेळा तो बंद लागला.

तिने नवऱ्याला फोन करून रेघ सपाट असल्याचं सांगितलं.

"मग बरंच आहे की," तो म्हणाला. "असा पाहुणा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही."

"फ्रीजसुद्धा बंद आहे," ती म्हणाली. पलीकडे मग त्याच्याही लक्षात आलं.

"मी येऊ का?" त्याने हळूच विचारलं.

"नको. आधी मावशींना विचारते."

घर तिच्या वडिलांचं. ते गेल्यानंतर सहा महिने कुलूप होतं, मग नवऱ्याने सुचवलं म्हणून सुट्टीला येणाऱ्या लोकांना दोन-चार दिवसांसाठी द्यायला सुरुवात केली. येणारे लोक वीज बापाचा माल असल्यासारखी जाळत. माल बापाचाच होता, पण तिच्या. एसी चालू आणि खिडक्या सताड उघड्या, गीझर लावून मंडळी दिवसभर फिरायला, ओल्या चड्ड्या पंख्याखाली वाळत. वीज मोजणारं यंत्र घरात आधीपासून होतंच. मग तिने दाराशी सोळा सूचनांची पाटी लावली, आणि एसीचं बटण आपल्या फोनवर घेतलं. सव्वीस अंशांच्या खाली कुणी गेलं की ती कामावरून निरोप पाठवायची. एका कुटुंबाने जाताना अभिप्राय लिहिला होता, 'घर छान आहे, पण मालकीणबाई भिंतीतून बघतात असं वाटतं.' नवऱ्याने तो मोठ्याने वाचला आणि तेव्हापासून घरात तिचं नाव कंट्रोल रूम पडलं. ती हसायची. सगळ्यांना वाटायचं, ही आकडा वाढतोय का ते बघत असते.

घराची साफसफाई करणाऱ्या मावशी मागच्याच गल्लीत राहायच्या. त्या जाऊन आल्या आणि त्यांचा फोन आला.

"बाई, चपला दाराशीच आहेत. किती हाका मारल्या, ओ देत नाहीत."

तिला पुढचं ऐकू आलं नाही. हेच शब्द, याच आवाजात, तिने दोन वर्षांपूर्वी ऐकले होते. तेव्हाही ती अशीच नळ्यांच्या समोर उभी होती. दुसरी किल्ली तिच्या पर्समध्ये होती. साहेबांना विचारायचं भान तिला राहिलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला "सांभाळ गं जरा" एवढं म्हणून ती खाली उतरली आणि गाडी काढली.

रस्ता चाळीस मिनिटांचा. आई गेल्यावर बाबांना एक खोड लागली होती. संध्याकाळ झाली की ते घरातले सगळे दिवे लावायचे. बाहेरचा, स्वयंपाकघरातला, आणि मागच्या खोलीतला तर हटकून, जिथे कुणी जायचंसुद्धा नाही. बिल पाहून ती चिडली, भांडली, आणि शेवटी ते यंत्र बसवून घेतलं. मग रोज संध्याकाळी सातला तिचा फोन जायचा. "बाबा, मागच्या खोलीतला दिवा." बाबा म्हणायचे, "हो गं, हो," आणि चपला फरफटवत जायचे. तिला इकडे रेघ खाली आलेली दिसायची. जेवलात का, गुडघा कसा आहे, हे त्या फोनवर क्वचितच व्हायचं. दिव्याचं काम झालं की फोन ठेवला जायचा.

मग एका संध्याकाळी रेघ आधीच खाली होती. दुसऱ्या दिवशीही. तिला इतका आनंद झाला की तिने नवऱ्याला आलेख दाखवला. "बघ, ऐकायला लागले माझं." बाबांना तिने तो आलेख पाठवून खाली लिहिलं, 'शाब्बास बाबा!' त्या दोन संध्याकाळी तिने फोन केला नाही. करायचं कारणच उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मावशी परगावाहून परतल्या आणि त्यांनी हाका मारल्या. बाबा न्हाणीघरात होते. पडल्यावर ते किती वेळ शुद्धीत होते, हे डॉक्टरांना विचारायचं धाडस तिला आजतागायत झालेलं नव्हतं. 'शाब्बास'चा तो निरोप फोनमध्ये तसाच होता, न वाचलेला.

ती पोचली तेव्हा मावशी पायरीवर पदराचं टोक चावत बसल्या होत्या. दाराशी तपकिरी चपला होत्या, एकमेकींना लावून नीट ठेवलेल्या. तिने कुलपात किल्ली घातली. मावशींनी तिच्या हातावर हात ठेवून किल्ली फिरवली.

आत सगळं जागच्या जागी होतं. अंथरुणाला सुरकुती नव्हती. स्वयंपाकघरात फ्रीजचं दार उघडं होतं आणि ते मिटू नये म्हणून मधे वर्तमानपत्राची घडी बसवलेली. भिंतीवरची सगळी बटणं खाली. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं. त्या दारासमोर ती थांबली आणि तिला पुढे पाऊल टाकता येईना.

"तुम्ही व्हा बाजूला," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी दार ढकललं.

फरशी कोरडी होती. बादलीवर तांब्या पालथा घातलेला, बस्स.

मग मागच्या अंगणातून कुणीतरी खाकरल्याचा आवाज आला.

पाहुणे प्लास्टिकच्या खुर्चीवर उन्हाकडे पाठ करून पुस्तक वाचत होते. शेजारी दुसरी बादली पाण्याने भरून उन्हात ठेवली होती, वर ताट झाकलं होतं. दोन बायका दारात पाहून ते दचकले, घाईने उठले आणि त्यांनी आधी सदऱ्याच्या खिशातून कानाचं यंत्र काढून कानात बसवलं.

"काका, जिवंत आहात तर ओ द्यायची की हो!" मावशींचा आवाज चढला होता. "घसा बसला माझा!"

"माफ करा. हे काढून ठेवलं होतं. कुणी बोलणार नव्हतं, म्हटलं सेल तरी वाचेल." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही मालकीणबाई. माझं काही चुकलं का?"

तिला वाटत होतं, ओरडावं. त्याऐवजी ती उंबऱ्यावरच बसली.

"तुमचा फोन बंद आहे," ती म्हणाली.

"चार्जर सॉकेटला ठेवू नये. सूचना नऊ." ते समजावून सांगितल्यासारखं म्हणाले. "फ्रीजमध्ये ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून तो बंद केला. सूचना बारा. आणि पाणी उन्हातच तापतं छान. गीझर कशाला?"

"आणि दिवे?"

"मी सातला आडवा होतो. अंधार झाला की डोळे मिटायचे, त्याला दिवा काय करायचा?"

मावशी पाणी आणायला आत गेल्या. म्हाताऱ्यांनी पुस्तकात बोट घातलं होतं ते तसंच ठेवून ते खुर्चीच्या कडेवर टेकले. आपल्याला आता कुणीतरी बोलणार आहे, अशा बेताने ते बसले होते.

"एवढं कुणी पाळत नाही हो," ती म्हणाली. "ती पाटी लावायची म्हणून लावलीय."

"मला सवय आहे." ते थोडं हसले. "मी मुलाकडे असतो. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे. सध्या घराला रंग चाललाय, म्हणून मला इथे पाठवलं. तुमच्यासारखी पाटी आमच्याकडेही आहे, फक्त लिहिलेली नाही."

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. तिने मान खाली घातली. अंगणातल्या फरशीच्या फटीत मुंग्यांची रांग होती, तिच्याकडे ती बघत राहिली, आणि डोळ्यांतून पाणी येतंय हे तिला हनुवटीवरून ओघळल्यावर कळलं.

"अहो, मी सहज बोललो."

"माझे बाबा राहायचे इथे," ती म्हणाली.

"दिवे चालू ठेवायचे?"

"सगळे."

"आणि तुम्ही ओरडायचात."

"रोज."

त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मावशींनी पाणी आणून दिलं. तिने ते पिऊन पेला खाली ठेवला. मग उठून आत गेली, वर्तमानपत्राची घडी काढून फ्रीजचं दार लावलं, बटण दाबलं. फ्रीज घुर्र करून सुरू झाला. म्हाताऱ्यांचा फोन तिने स्वतः चार्जरला लावला. निघताना ती दाराशी घुटमळली.

"काका, एक करता का? संध्याकाळी एक दिवा चालू ठेवा. मागच्या खोलीतला."

"तिथे तर मी जातही नाही."

"जाऊ नका. नुसता असू दे. मला तिकडे कळतं तो लागलेला."

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "एकच लावू?"

"तुम्हाला हवे तेवढे लावा."

"बघा हं," ते म्हणाले. "नंतर बोलायचं नाही."

घरी येईपर्यंत साडेसहा झाले. नवरा कणीक मळत होता, त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि परात बाजूला सारून तिला बसायला जागा केली. तिने फोन टेबलावर उभा करून ठेवला. फ्रीजच्या टेकड्या दिसत होत्या, एकापाठोपाठ एक, आणि मधली रेघ सपाट.

सात वाजायला दोन मिनिटं असताना रेघ एक पायरी चढली. छोटीशी, एका दिव्याएवढी. तिने श्वास सोडला. मग दुसरी पायरी चढली. मग तिसरी. स्वयंपाकघर असणार. मग बाहेरचा. पंखा. मग एकदम गीझरची उडी, आणि रेघ जिथे दीड वर्षात कुठल्या पाहुण्याने नेली नव्हती तिथे जाऊन थबकली.

फोन थरथरला. 'वापर मर्यादेपेक्षा जास्त आहे. वीज बंद करायची का?' खाली दोन चौकोन. हो. नाही.

तिने नाही दाबलं.

पाच मिनिटांनी फोनने पुन्हा तेच विचारलं. तिने पुन्हा नाही दाबलं आणि फोन हातातच धरून बसली.

नवरा कणकेचे हात पुसत मागे येऊन उभा राहिला. "बाप रे! कोण आहे एवढं जाळणारं?"

"आहेत," ती म्हणाली. "घरी आहेत."